तिने निवडलेला आवाज

ऑर्केस्ट्रातली मंडळी त्याला घुम्या म्हणत. माणूस तोंडाने मोजकंच बोलायचा, आणि हातात बास गिटार. चार जाड तारांचं ते वाद्य गाण्याच्या तळाशी घुमत राहतं, भाजीतल्या मिठासारखं. असलं तर कुणी त्याचं नाव घेत नाही, नसलं तर घास उतरत नाही.

त्या घुमण्याचं कौतुक करणारं एकच माणूस होतं, त्याची बायको. एका मोठ्या आजारपणानंतर तिचे कान हळूहळू मिटत गेले. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग नवऱ्याचं बोलणं. “तसंही तुम्ही बोलत कुठे होता?” असं हसून म्हणत ती ओठ वाचायला शिकली. पण बासचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचायचा. संध्याकाळी तो वाजवायला बसला की ती हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन बसे आणि म्हणे, हे अजून येतंय हो. घुम्या त्या एका वाक्यावर तगून होता.

आणि नेमके गिटारचे पिकअप गेले. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकं, भोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. वरच्या तारांचा थरथराट तीच टिपतात आणि स्पीकरकडे धाडतात. आतली तार गंजून तुटली होती. नवे घालणं आलं. ते निवडायला घुम्या बायकोलाच दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. जिच्यासाठी वाजवायचं तिनेच निवडावं, इतका सरळ विचार.

कारागीर थट्टेखोर होता. दर खेपेला तारा सैल करायच्या, खाली पिकअपची नवी जोडी मांडायची, दोन चिमट्यांनी ती वायरला जोडायची आणि तारा पुन्हा ताणायच्या, असं त्याचं चाललं होतं. चष्म्याचा नंबर काढताना विचारतात तसं सांगा काकू, हे बरं की ते, असं तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला.

पहिल्या जोडीचा आवाज गोल, मऊ, लोण्यात बोट घालावं तसा. ती म्हणाली, छान आहे. दुसरीचा खरखरीत, फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. तोही छान. घुम्या चिडला. दोन्हींत दही आणि चुन्याइतका फरक, आणि हिला दोन्ही सारखेच पांढरे!

“अगं, नीट सांग. तुला येईल असा आवाज हवाय मला.”

तिने मान हलवली. कारागिराने तिसरी जोडी मांडली, तारा ताणल्या, तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो पाठ फिरवून बोलू लागला. घुम्याला धीर नव्हता. त्याने वाजवायला सुरुवात केली. स्पीकर मुका. तारांची नुसती चिलटासारखी कुणकुण. चिमटे तर बाकावरच पडले होते. हसून थांबावं म्हणून त्याने वर पाहिलं.

तिची नजर त्याच्या बोटांवर होती. मान तालात डोलत होती.

“हाच,” ती म्हणाली. “हा सगळ्यांत चांगला येतोय.”

कारागीर वळला. त्याने चिमटे पाहिले, काकूंकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं. घुम्याने त्याला नजरेनेच थोपवलं. हे कधीपासून, हा प्रश्न घुम्याच्या जिभेवर येऊन बसला होता. पण स्वतःशी पुटपुटायचीही सोय नव्हती. ती ओठ वाचायची.

“हीच जोडी बसव,” तो म्हणाला.

“काका, एकदा ऐकून तरी घ्या.”

“तिने निवडलीय ना.”

घरी आल्यावर ती मोरीपाशी भांडी घासायला बसली, त्याच्याकडे पाठ करून. घुम्याने वायर जोडली आणि पहिला स्वर सोडला. काय आवाज होता! खोल, भरलेला, विहिरीत घागर बुडावी तसा. आयुष्यात इतका चांगला आवाज त्याच्या हातून निघाला नव्हता. खिडकीच्या काचा थरथरल्या. भांडी घासणारा हात तसाच चालू राहिला.

त्याने तारांवर तळवा ठेवून आवाज मिटवला. मग खुर्ची उचलून मोरीच्या दाराशी आणली आणि ती वळली की बोटं दिसतील अशी मांडली. गिटार मांडीवर घेऊन तो बसून राहिला. ती वळेपर्यंत त्याने तारेला हात लावला नाही.