कानाच्या पाळीइतकं मऊ

वरच्या आंटी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत; आधी कान बघत. सिंगापुरात मरीन परेडच्या आमच्या ब्लॉकमध्ये सगळे मजले सारखेच. फोनमध्ये डोकं घालून मी एक मजला वरच लिफ्टमधून बाहेर पडलो आणि त्यांच्या दाराला माझी किल्ली लावत राहिलो. दार आतून उघडलं. पंचाहत्तरीची, लहानशा चणीची जपानी बाई. चोर म्हणून ओरडायचं सोडून माझ्या कानांकडे बघत म्हणाली, "चांगले जाड आहेत. आत ये."

मी गेलो. मला कोणीही आत बोलावलं तरी मी जातो, असं बायकोचं मत आहे.

आंटी इथल्याच माणसाशी लग्न करून तरुणपणी सिंगापूरला आलेल्या. नवऱ्याला दाइफुकु फार आवडायचं: चिकट तांदळाच्या पिठाची पांढरीशुभ्र पारी आणि आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण. पारी कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. पण आंटींचे स्वतःचे कान कागदासारखे पातळ. म्हणून संसारभर नवराच ओट्याशी कान पुढे करून उभा राहायचा. तो गेला आणि माप गेलं. दर महिन्याला, तो गेला त्या तारखेला, त्या त्याच्या फोटोपुढे बशी ठेवत, आणि पारी दर वेळी घट्ट होई.

"तो खात नाही," त्या शेवटी इथला 'लाह' जोडत म्हणाल्या. "मला कळतं लाह."

अशी माझी नेमणूक झाली. पुण्यात मास्तरांनी पिळून पिळून मऊ केलेले कान इतक्या लांब येऊन कामी आले.

महिन्यातून एका सकाळी ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून मी वर जाई. त्या वाफवलेला गोळा घोटत, चिमटीत धरत, मग डोळे मिटून माझी पाळी धरत. वाफ खिडकीपर्यंत जाई आणि समुद्रात नांगरलेली जहाजं तिच्यावरच तरंगताहेत असं वाटे. मला उभ्या उभ्या पेंग येई. "अजून एक चमचा पाणी," त्या माझ्या कानाला सांगत. मग एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लोक माझ्याकडे टक लावून बघत. कार्डावरचा नवा हुद्दा वाचताहेत, अशा समजुतीत मी काही महिने काढले. कान पिठानं पांढरे होते.

एकदा मी मदतीला सरसावलो. मोदकाची सवय, म्हणून हाताला गुपचूप तूप लावलं. एकाही पारीचं तोंड मिटेना. पुरण सगळीकडून बाहेर. आंटींनी एक उचललं, ते हातातून निसटलं. "ही मिठाई नाही. मासा आहे."

बायको म्हणे, "मला कधी कान दिला नाहीस. तिथे बरा देऊन येतोस."

मग जपानहून आंटींच्या बहिणीनं बोलावलं. निघायच्या दिवशी पातेलीसुद्धा खोक्यांत गेली होती. त्यांनी मला एका खोक्यावर बसवलं, हात धुतले, पुसले आणि माझी पाळी चिमटीत धरली.

"आंटी, पीठ कुठंय?"

"गप्प बस. पाठ करतेय."

लिफ्ट दोनदा येऊन गेली.

दाइफुकु दुसऱ्या दिवशी दगड होतं. पोस्टानं येत नाही. पण पुढच्या महिन्यात, त्याच तारखेला, फोनवर एक चित्र आलं. नवऱ्याचा फोटो, पुढे बशी, बशीत तीन पांढरे गोळे. खाली एवढंच: "आज खाल्लं त्यानं."

मी ऑफिसला निघालो होतो. लिफ्टमध्ये पाळीला हात लावून पाहिला. बोटाला काही लागलं नाही.