माणसं बसवून माप

पनवेलजवळच्या कोन गावच्या नाक्यावर कुणालाही विचारा, शाफ्ट कुठे दुरुस्त करून मिळेल? तो सांगेल, "जनीबायकडं जा." बोर्डावर नाव माझं आहे, लाइटबिल मी भरतो, कुलूप मी लावतो. पण लोकांच्या तोंडी नाव जनीबायचं. गिऱ्हाईक आलं की मी पुढे होतो, "या, काय झालं गाडीला?" तर तो माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारतो, "ताई नाय का?" अरे मेल्या, मी काय इथे माश्या मारायला बसलोय?

जनी माझी धाकटी बहीण. मी शिवा, थोरला. उगाच सभ्यपणाचा आव आणत नाही, सरळ सांगतो. मी तिच्यावर जळतो. ती वाईट असती तर सोपं होतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण ती चांगली आहे, कामातही चांगली आहे, म्हणून माझा जळफळाट आणखीच वाढतो.

वर्कशॉप आमच्या बाबांचं, काशिराम पाटलांचं. ट्रक, टेम्पो, जीप यांच्या पोटाखालून जो लांब पाइप इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेतो, तो शाफ्ट. तो वाकला, तुटला, लांबआखूड करायचा असला की गाडी आमच्याकडे येते. लहानपणी मी वर्कशॉपात यायचो ते बाबा कान धरून आणायचे म्हणून. जनी यायची ती तिला घरात करमायचं नाही म्हणून. लेथ मशीनवरून लोखंडाचा कुरळा कीस पडायचा, त्याच्या ती बांगड्या करून घालायची आणि मनगट कापून घ्यायची. आई ओरडायची, बाबा मात्र हसत हळद लावायचे. माझा हात कापला तेव्हा म्हणाले होते, "डोले कुटं व्हते तुजे?"

तिचं लग्न ठरलं तेव्हा मी हळदीत जीव तोडून नाचलो. लोक म्हणाले, बघा भावाची माया! माया होतीच, पण आता लेथवर आपण एकटे, हा आनंदही पायात होता. नवरा सज्जन होता, तळोज्याला केमिकल कंपनीत कामाला. काविळीचं निमित्त झालं आणि गेला बिचारा. जनी माहेरी परत आली. तेव्हा मी रडलो, ते रडणं खोटं नव्हतं. तिला म्हटलं, "बाय, ह्यो घर तुजाच हाय." आणि सुतकाचे दिवस सरतायत न सरतायत तोच बाबांनी तिला लेथवर उभी केली. आता मला सांगा, मी घर तुझं म्हटलं होतं की लेथ?

बरं, ती काही गरीब गाय नाही. ड्रेसच्या बाह्या वर खोचते, केसांवर बाबांची जुनी टोपी चढवते आणि ड्रायव्हरांना घालून पाडून बोलते. "गाडी हाय का गाढव? इतका लोड भरतंस कनाला?" असं म्हटल्यावर सहा फुटी सरदारजीसुद्धा ओशाळून चहा सांगतो. फुशारकीही भरपूर. काम झालं की शाफ्टवर थाप मारून म्हणते, "पनवेलमदी असा हात नाय." संताप कशाचा येतो सांगू? खरंच तसा हात नाही.

आणि तिची एक खोड आहे. रिकाम्या गाडीवर ती माप घेत नाही. आम्ही सगळे गाडी मोकळी उभी करतो, गाडीखालच्या खड्ड्यात उतरतो, गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत टेप लावतो आणि अंदाजाने थोडी जागा सोडतो. ही बया वाळूच्या गाडीवाल्याला वाळू भरून आणायला लावते. वडापची जीप असली तर ड्रायव्हरला म्हणते, "पॅसेंजर कुटं हायेत? आन बोलवून." मग नाक्यावरची रिकामटेकडी माणसं जीपमध्ये कोंबून बसवते, त्यांना चहा पाजते आणि ती खाली माप घेते. वजन पडलं की स्प्रिंगचे पाटे दबतात, अ‍ॅक्सल सरकतो, माप बदलतं, हे मलाही कळतं हो. पण त्यासाठी जत्रा कशाला भरवायला हवी?

आता मूळ गोष्ट. बाबांची अम्बॅसॅडर आहे, पांढरी. आमची जमीन सरकारात गेली त्या वर्षी घेतलेली. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्यातून मांडवात गेल्या. माझ्या अंकिताचं लग्न ठरलं आणि पोरीने हट्ट धरला, "मी आजोबांच्याच गाडीतून जाणार." पण गाडीचा मागचा अ‍ॅक्सल पार गेला होता, आतले दात झिजून सपाट. तसाच दुसरा कुठे मिळेना. शेवटी मी भंगारातून एका जुन्या टेम्पोचा अ‍ॅक्सल शोधून आणला, चांगला दणकट. त्याचं नाक मात्र पुढे जास्त आलेलं, म्हणजे जुना शाफ्ट बसणार नाही, कापून आखूड करायला हवा.

बाबा अंगणात खुर्चीवर होते. हात थरथरतात, डोळ्यांनी कमी दिसतं, लेथ सुटलीय, पण हुकूम सुटलेला नाही. म्हणाले, "जने, बग गो जरा." मी समोर उभा! अ‍ॅक्सल खांद्यावरून मी आणलेला!

"बाबा, पोरगी माजी हाय," मी म्हटलं, "शाफ्ट मी करनार."

"कर की," बाबा म्हणाले. आणि मी पाठ फिरवली तसे म्हणाले, "जनीला इचारून कर."

मला काय हवं होतं ते सांगून टाकतो. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही कामाला बाबांनी चांगलं म्हटलेलं नाही. वाईट झालं तर बोंब, चांगलं झालं तर मुकाट्याने पुढचं काम. मला वाटलं, नातीचं लग्न आहे, त्यांची लाडकी गाडी आहे, शाफ्ट माझ्या हातचा आहे, निदान आता तरी तोंडातून एक शब्द निघेल. मी जनीला विचारणार नव्हतोच.

बाबा पत्रिका द्यायला गव्हाणला मामांकडे गेले आणि राहिले. मी तेवढ्यात काम काढलं. नवा अ‍ॅक्सल बसवला, गाडी चारी चाकांवर जमिनीवर घेतली, खड्ड्यात उतरलो आणि टेप लावली. जनी वर उभी राहून पेरू खात होती.

"दादूस, मानसं बसव गाडीत."

"अगं, ही नवरीची गाडी हाय, वडाप नाय."

"नवरी येकटी बसनार हाय का?"

"तू तुजा काम कर."

"बरा," ती म्हणाली. "तुजी पोरगी, तुजी गाडी." आणि पेरू खात निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला तिचं ते 'बरा' असं झोंबलं की मी मुद्दामच कमी जागा सोडली. शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या आत सरकतं. ते जेवढं आत, तेवढी पकड घट्ट, थरथर कमी, असा माझा हिशोब. पाइप कापला, दोन्ही टोकांचे जोडाचे कान एका रेषेत धरून वेल्डिंग केलं, लेथवर फिरवून पाहिला. केसभरही हलत नव्हता. खोटं कशाला बोलू, देखणा झाला होता.

बाबा परत आले तसं त्यांना शेजारी बसवून एक्सप्रेसवेच्या कडेच्या रस्त्याने चक्कर मारून आणली. गाडी लोण्यासारखी गेली. गुरगुर नाही, थरथर नाही. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक बाबांच्या तोंडावर ठेवून चालवत होतो. मग बाबांनी तोंड उघडलं.

"काच खाली कर. गरम व्हतंय."

बस्स. एवढंच. जनीने केला असता तर? तर बोनेटवर हात फिरवला असता, मला माहीत आहे.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही गुणाबाईला आणायला गेलो. गुणाबाई म्हणजे आमच्या भागातली जुनी धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात, भटजी नंतर, आधी ती. तिला मानाने गाडीतूनच आणायची असते. पुढे मी आणि बाबा. मागे अंकिता, जनी, स्वतः गुणाबाई आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या दोघी, चांगल्या भरभक्कम. डिकीत तांदळाची पोती. येताना गुणाबाईने धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, धरला, दोघींनी ओढला, अंकिता आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होती. बापाचा खांदा पुढे रिकामाच होता, पण ते असो.

गावाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला. मागची चाकं त्यावर चढली, गाडी बसली आणि खालून असा ठणका आला की माझ्या पायाखालचा पत्रा हादरला. शाफ्ट गिअरबॉक्सला आतून भिडला होता. वजनाने अ‍ॅक्सल सरकला आणि मी ठेवलेली जागा संपली.

गुणाबाई गाताना थांबली. "शिवा, मेल्या, हाडा मोडलीस का गाडीची?"

मी आरशात बघितलं. जनी खिडकीबाहेर बघत होती. तिने एकदा जरी म्हटलं असतं, "बोलले व्हते ना?" तरी मी भांडून मोकळा झालो असतो.

गोगलगायीसारखी गाडी वर्कशॉपात आणली आणि खड्ड्यावर उभी केली. सगळे उतरले. बाबांनी काठी आपटली.

"माप कोनी घेतला?"

उद्या माझ्या पोरीची हळद, आणि आज पाहुण्यांपुढे माझी शोभा होणार. बाबांना वेळकाळ कधीच नसतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात जनी पुढे झाली.

"शाफ्ट दादूसचा, पन माप मी घेतला, बाबा. घाईत रिकाम्या गाडीवर घेतला."

मी थक्क. पण खरं सांगू, त्या थक्क होण्यातही एक गुदगुली होती. आता हिला पडेल! आता कळेल हिला, मी जन्मभर काय ऐकलं ते! मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

बाबांनी काठी खाली ठेवली. "असूं दे, बाय," ते म्हणाले. "लगनघर हाय, घाई व्हतेच. परत कापू." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला!

माझ्या डोक्यातून वाफ निघाली. चूक माझी, माप माझं, घाम माझा, आणि हात तिच्या डोक्यावर! निदान माझी चूक तरी माझ्यापाशी राहू द्या! मी ओरडलोच.

"खोटा बोलते ती! माप मी घेतला! चूक माजी हाय, माजी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंकिताचे डोळे भरून आले. "पप्पा," म्हणत तिने माझा हात धरला. गुणाबाई पदराने नाक पुसत म्हणाली, "बगा गो, भैनीला बोल लागू नये म्हनून कसा धावला. दादूस असावा त असा."

"अगं नाय गो बाये! खराच मी घेतला! ती बोलली व्हती, मानसं बसव, मी ऐकला नाय. देवाशपथ!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं करत होतो मी. पण अवलक्षण कुणी बघेचना. मी जितक्या शपथा घ्याव्यात तितका त्यांचा विश्वास पक्का होत होता. बाबा हळूहळू माझ्याजवळ आले. माझा दंड चाचपला आणि तिथे त्यांचा थरथरता हात ठेवला.

"शाना हायेस, पोरा," बाबा म्हणाले. "बरा वाटला मना."

मिळाला. शब्द मिळाला. शाफ्टला नाही, न केलेल्या उपकाराला मिळाला. पायऱ्या उतरून खड्ड्यात गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

वर जनीचा आवाज सुरू झाला. "चला, सगली परत बसा गाडीत. गुनाबाय, तुमी मदी बसा. गाना चालू ठेवा, जरा हालत ऱ्हावा." दारं आपटली, पाटे करकरले, गाडी दबून खाली आली. मग जनी टोपी चढवून खड्ड्यात उतरली. वर धवला सुरू झाला होता.

"कशाला बोललीस मधीच?" मी दात खाऊन विचारलं.

"तुला वरडतात, मना वरडत नाय. म्हनून बोलले. लगनात तू तोंड पाडून फिरला असतास." तिने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "पुडं लाव. गिअरबॉक्सला."

"तुजा बरा हाय," मी म्हटलं. "चुकलीस तरी डोक्यावर हात."

टेप ओढता ओढता ती थांबली. माझ्याकडे बघेना, वरच्या पाइपाकडेच बघत राहिली.

"माजा नवरा गेला तवापासून फिरवतात तो हात," ती म्हणाली. "रांडमुंडीवर दया करतात. इतके शाफ्ट केले मी, दादूस. 'शानी हायेस' असा कदी नाय बोलले. त्यांच्या मते तू येक खोटा काय बोललास, तर तुला लगेच बोलले."

"मी खरा बोललो," मी म्हटलं.

"त्याच्यापेक्षा वाईट मग. चूक करून शाना ठरलास," जनी म्हणाली, आणि टेपला असा हिसका दिला की माझं बोट कापलं. त्या हिसक्यातला राग मी ओळखला. इतकी वर्षं तोच राग घेऊन मी तिच्याशेजारी काम करत होतो. मी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने टेप घट्ट धरून ठेवली, तिचं माप होईपर्यंत.