दोनाच्या आधी दहा

एटापल्लीच्या बसस्टँडसमोर धनराज गहाणेचं दुकान आहे. पाटी नाही, पदवी म्हणाल तर आयटीआयची, तीही इलेक्ट्रिशियनची. पण लोक त्याला डॉक्टर म्हणतात आणि ते त्याला मनापासून आवडतं. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या कॉम्प्युटरने मान टाकली की पेशंट त्याच्या टेबलावर येतो. पेशंटच्या नातेवाइकांना दोन गोष्टी सुनावल्याशिवाय हा डॉक्टर स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. मशीन कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे त्याचं आवडतं वाक्य. बायको साधना म्हणते, हे वाक्य त्याने आमच्या लग्नातही कुणाला तरी ऐकवलं होतं.

त्याची खासियत म्हणजे जुनी मशीनं. ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरांतून लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तो उचलून आणतो, आतली धूळ झटकतो आणि त्यांच्यावर लिनक्सची एक हलकीशी सिस्टिम चढवतो. ती अंगाने इतकी बारीक की एका पेनड्राइव्हवर सबंध मावते. पण बारीक असल्यामुळे तिला सगळं सांगावं लागतं. वीज आल्यावर काय काय सुरू करायचं, त्याच्या छोट्या छोट्या फाइली एका फोल्डरात ठेवायच्या. मशीन त्या नावांच्या क्रमाने एकेक करून चालवतं. म्हणून धनराज प्रत्येक नावाआधी आकडा घालतो. आधी कोण आणि मग कोण हे मी ठरवतो, असं तो गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचा. आता सांगत नाही.

एटापल्लीपासून आत जंगलात बावीस किलोमीटरवर इरपूटोला नावाचं गाव आहे. माडिया आदिवासींची तीसेक घरं. जुन्या धानाचं बियाणं जपायला एका संस्थेने तिथे मातीचं बीजघर बांधून दिलं, आणि आतल्या उष्णता-ओलाव्याची व दार कधी उघडलं-लागलं याची नोंद ठेवायला एक कॉम्प्युटर हवा म्हणून धनराजला बोलावलं. त्याने आपल्या भंगारातलाच एक बसवला. त्याच्या आतल्या घड्याळाचा सेल बसायची जागाच तुटलेली होती. धनराजने बाहेरून एक बटणाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ जोडलं. शिवाय मशीन दर तासाला वेळ लिहून ठेवी आणि वीज गेली तर येताच तिथूनच पुढे मोजायला लागे. मग त्या बाहेरच्या घड्याळाला विचारून खरी वेळ लावून घेई. मग नोंदींचा प्रोग्राम सुरू. तो सुरू होताना एकदाच वेळ विचारायचा आणि नंतर आपले आपण सेकंद मोजत बसायचा.

बीजघराची चावी सुकरीबाई पुंगाटीकडे असे. साठीची बाई, बोलायला कमी. दाणा दाताखाली धरला की धानाची जात सांगायची, एकवीस जाती, कधी चूक नाही. धनराज मूळचा सिंदेवाहीचा, त्याचा बाप भात संशोधन केंद्राच्या शेतात रोजीने राबलेला. त्यामुळे या बाईचं मोल त्याला कळत होतं. तो गेला की ती न विचारता आंबिलीने भरलेला भोपळ्याचा तुंबा पुढे करी. बाई आपल्याला घरचा समजते याचं त्याला बरं वाटायचं.

आता बीज पंडुमचं सांगायला हवं. पेरणीच्या आधी गावात हा सण होतो. घरोघरचं मूठभर बी पानाच्या द्रोणात येतं, गायता म्हणजे गावदेवाचा पुजारी ते देवापुढे ठेवतो, एकत्र करतो आणि घरोघर परत देतो. त्याआधी बियाण्याच्या कोठीला कुणी हात लावत नाही. लावला तर सगळ्या गावाच्या धानाला बाधा होते, एकट्याच्या नव्हे. म्हणून बीजघराला त्या दिवसांत कुलूप, आणि सुकरीबाई स्वतःसुद्धा त्या बाजूला फिरकत नाही.

यंदा मे महिन्यात सोमवारी संध्याकाळी वादळ झालं. तारांवर झाडं पडली आणि इरपूटोल्याची वीज गेली ती पुढच्या रविवारी दुपारी आली. मधल्या शनिवारी पंडुम झाला. वीज आल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळी, सुकरीबाईने रीतीप्रमाणे सगळ्या गावादेखत बीजघर उघडलं आणि बी वाटलं.

जूनमध्ये धनराजने मशीनमधल्या नोंदी कागदावर काढल्या आणि वाचता वाचता थबकला. मंगळवार, दुपारी एक, दार उघडलं, बारा मिनिटं. म्हणजे पंडुमच्या चार दिवस आधीचा मंगळवार. हा कागद तो गुपचूप सुकरीबाईला दाखवू शकला असता. पण शहाण्याला आपलं शहाणपण दाखवायला चारचौघं लागतात. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, गावसभा भरली होती, संस्थेचे लोकही होते, तिथे त्याने तो वाचून दाखवला.

गायता बुधूभाऊने सुकरीबाईकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली.

“मी नाई उघडली कोठी,” ती म्हणाली. “त्या दिवशी तं गावात लाइनच नोती. मशीन कशी चालन?”

बाईने नेमकं बोट ठेवलं होतं. आणि डॉक्टरसाहेबांनी काय करावं? क्षणभरही विचार केला नाही.

“बाई, मशीनले सेल आहे,” तो म्हणाला. “लाइन गेली तरी टाइम चालते. मशीन खोटं नाई बोलत.”

सेल होता तो घड्याळाला. त्यावर कॉम्प्युटर चालायचा तर मग बैलाच्या जागी शेळी जुंपावी. हे धनराजला झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण त्या घडीला आपलं मशीन खोटं ठरत होतं, आणि तोंडून निघालं ते निघालं. ऐकणाऱ्यांना सेल म्हणजे सेल. सुकरीबाई खाली बसली.

गावाने तिला मारलं-झोडलं नाही, हाकललं नाही. तिच्या घरचं कोंबडं आणि मोहाची दारू घेऊन बुधूभाऊने देवाची समजूत काढली. चावी तिच्याकडून काढून तिच्याच पोराला, रोशनला दिली. तिने वाटलेलं बी पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, पडून गेलं होतं, ते काही परत घेता येत नव्हतं. जुलैत धानाच्या चार बांध्यांत करपा दिसला, तेव्हा बाया विहिरीवर सुकरीबाईला जागा करून देईनात. हे सगळं धनराजच्या कानावर आलं. त्याला वाईट वाटलं, पण कसं, तर दुसऱ्याच्या चुकीबद्दल वाटतं तसं. रीत मोडली, आता भोगणं आलं, असं तो साधनाला म्हणालाही.

ऑगस्टात पुन्हा सहा दिवस वीज नव्हती. ती आल्यावर मशीन अडलंय असा रोशनचा निरोप आला म्हणून धनराज गेला. जुना मॉनिटर जोडून त्याने मशीन बंद करून चालू केलं आणि सुरू होतानाच्या ओळी वाचत बसला. पहिली फाइल चालली, शेवटची लिहून ठेवलेली वेळ घेतली. मग लगेच ओळ आली: नोंदी सुरू. आणि त्यानंतर: घड्याळ लावलं.

त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. पुन्हा बंद-चालू केलं. पुन्हा तेच.

मार्चमध्ये त्याने मशीनमध्ये ओलाव्याचा इशारा देणाऱ्या, निरोप धाडणाऱ्या अशा नव्या फाइली वाढवल्या होत्या. आधी नोंदींच्या फाइलीला पाच आकडा होता. ती सगळ्यात शेवटी चालावी म्हणून तिचं नाव बदलून दहा केलं होतं. घड्याळाची फाइल दोन. आणि ही हलकी सिस्टिम आकडे मोजत नाही, नाव डावीकडून वाचते. दहातला पहिला आकडा एक, तो दोनाच्या आधी. म्हणून दहा दोनाच्या आधी. एक, दोन अशा एकेरी आकड्यांच्या डावीकडे एकेक शून्य लावलं असतं, तर झालं असतं. दुकानात शिकायला येणाऱ्याला धनराज हे पहिल्या आठवड्यात सांगतो. बदल केल्यावर एकदा वीज काढून पाहायचं, तेही सांगतो. स्वतः पाहिलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. रविवारी वीज आली तेव्हा मशीनच्या लेखी अजून वादळाचा सोमवारच होता. घड्याळ लावायच्या आतच नोंदी सुरू झाल्या आणि त्या सहा दिवसांना चारेक तास कमी इतक्या मागच्या वेळेवर मोजत बसल्या. गावादेखत सोमवारी सकाळी उघडलेलं दार मशीनने आदल्या मंगळवारी दुपारचं म्हणून लिहिलं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सोमवारचं उघडणं त्या कागदावर कुठेच नव्हतं, हेही त्याच्या आता ध्यानात आलं. बाजूला सुकरीबाईचा पोरगा उभा होता आणि त्याच्याकडे पाहायची धनराजची हिंमत होईना.

त्याने एकेरी आकड्यांच्या डावीकडे शून्यं लावली. एक मिनिटाचं काम. काय झालं होतं, असं रोशनने विचारलं.

“सेल ढिला झाला होता,” धनराज म्हणाला.

घरी आला तो तोंड पाडूनच. दोन आठवडे गेले. दुकानात कुणी डॉक्टर म्हणालं की त्याला शिवी दिल्यासारखं वाटे. इरपूटोल्याचं कुणी बाजारात दिसलं की तो आत जाऊन ड्रॉवर धुंडाळत बसे. मनाशी तो हिशेब मांडी की आता सांगून काय होणार, करपा काही परत जाणार नाही, आणि सांगितलं तर पंचक्रोशीत आपल्याला काम कोण देणार. शेवटी एका दुपारी त्याने साधनाला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. तिची बोलणी खायची त्याने तयारी ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, की ती बाई तुमची आई असती तर तुम्ही कितव्या दिवशी गेला असता. तो उठला आणि त्याने मोटरसायकल काढली.

बुधूभाऊने गाव गोळा केलं. गोटुलात धनराजने उभं राहून सांगितलं: दोनाचं, दहाचं, सेलचं, सगळं. सेलबद्दल मी खोटं बोललो, रोशनशीही बोललो, हेही सांगितलं. जमिनीकडे पाहून बोलत होता.

बुधूभाऊने बिडी विझवून कानामागे खोचली.

“आमच्यात देवाचं आधी, मंग गायत्याचं, मंग घराघराचं,” तो म्हणाला. “लेकरालेबी ठाऊक रायते. तुह्या डब्याले नाई सांगतलं काऊन तू?”

धनराज म्हणाला, सांगितलं होतं भाऊ, चुकीचं सांगितलं. दोघं-चौघं हसले. त्या हसण्याने त्याला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीही लाज वाटली. बुधूभाऊने पुढे सांगितलं, की बाईवर बोल नव्हताच, गावाने तिचं कोंबडं खाल्लं ते गावावर राहिलं, पुढच्या पंडुमला गाव भरून देईल. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. रोशनने कमरेची चावी सोडली आणि आईपुढे धरली.

सुकरीबाईने ती घेतली नाही. ती धनराजच्या जवळ आली आणि खालच्या आवाजात विचारलं, “मंग मी नाई उघडली?”

“नाई बाई. तुमी नाई उघडली.”

“पक्कं?”

“पक्कं बाई. माही चूक हाये. मले माफ करा.”

तिला दुसरंच काही विचारायचं होतं. तिने सांगितलं, की सभेत उभी राहिली तेव्हा तिला पक्कं आठवत होतं, मंगळवारी दुपारी आपण कुठे होतो ते. पण तू म्हणालास मशीन खोटं नाही बोलत. एवढा शिकलेला माणूस, आणि आपल्या घरी आंबील प्यालेला, तो कशाला खोटं सांगेल? मग घरी जाऊन ती आठवत बसली. रोज आठवायची. आठवता आठवता तिला बीजघराचं दार दिसायला लागलं, आपणच उघडतोय असं. कुलूप दिसायचं, हात दिसायचा. तिला वाटलं आपलं डोकं गेलं, म्हातारपण लागलं. त्या भीतीने तिने दाणा दाताखाली धरणंही सोडलं, न जाणो एकाची जात दुसऱ्याला सांगायची.

“आता तू म्हनतेस, नाई उघडली,” ती म्हणाली. “मंग त्या दिवशी मी कुठी होती, भाऊ? पयले आठवे. आता निस्तं दारच आठवते. तुह्या मशीनीत पाहून सांग न.”

त्या मंगळवारी गावात वीज नव्हती. मशीन बंद पडलेलं होतं.