बूदी आणि आक्काचे गुलाब

त्या दिवशी सकाळी आक्का गुलाबांत शिरली ती चालत बाहेर आलीच नाही. भाच्याचा फोन आला तेव्हा मी अनगोळला माझ्या घरी शाळेचा डबा भरत होते. "मावशी, आई गेली गं..." एवढंच बोलला. महिना झाला. खरं सांगते, मला रडू कमी आणि राग जास्त येतो. आक्काच्या गावच्या, बेळगुंदीतल्या शहाण्यांनी तिसऱ्याच दिवशी सुरू केलं, पॉलिहाऊस मोडा, रताळी लावा!

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर हट्टाने पॉलिहाऊस घालून गुलाब लावले तिने. पहिल्याच थंडीत कोवळ्या पानांवर भुरी आली, पीठ शिंपडल्यागत पांढरी. बघायला आलेले शेतीखात्याचे साहेब कन्नडमधून "बूदी रोग" म्हणाले. बूदी म्हणजे राख, एवढं कन्नड आक्काला येत होतं. तिला वाटलं, साहेबांनी औषधच सांगितलं! चुलीतली राख वस्त्रगाळ करून तिने झाडन् झाड माखलं. मग भुरी कुठली नि राख कुठली, कुणालाच कळेना. गाव लोळून हसलं. "हसा रं," आक्का म्हणाली, "दोडक्याला राख चालती, गुलाब काय लई नवाब लागून गेला?"

पण शिकली. सकाळी पडदे वर करून कोंदट हवा घालवायची, पान उलटून बघायचं, गंधक फवारायचं ते ऊन चढायच्या आत. एकदा भर उन्हात फवारून पानं करपवलीही. रोगट शेंडा झटकायचा नाही, भुरी उडून पसरते; आधी पिशवीत घ्यायचा आणि मग कापायचा. फुलांचा व्यापारी म्हणाला, सगळं उपटून टाका. "डोक्यात उवा झाल्या म्हणून डोकं कापतोस व्हय?" आक्काने त्यालाच विचारलं.

परवा मी बेळगुंदीला गेले तेव्हा भुरी पुन्हा दिसली. भाचा खचलाच. "मावशी, काढूनच टाकूया. आईबिगर न्हाय जमायचं..." रक्षा सावडताना त्याने मूठभर राख गुलाबांसाठी ठेवली होती. शेवटचं म्हणून ती घेऊन आत गेला आणि हात वर केला. मी ओरडले, "मुळात घाल रं! पानावर नको, परत गाव हसंल!"

तो हसला. मग दोघंही रडलो, चांगलं मोठ्यानं. राख मुळात गेली. मी खिळ्यावरची आक्काची पिशवी नि कात्री काढली, पहिला शेंडा पिशवीत घेतला आणि कापला. रताळी ज्याला लावायचीत त्यानं आपल्या रानात लावावीत.