हात नको, सही चालते

"हिना हात मना डोयाले लागाले नको."

माझा हात डोळ्याला नको म्हणून पेशंट आजींनी पदर हातावर घेतला आणि त्या पदराने माझं मनगट बाजूला सारलं. नुसत्या हाताने नाही. पदराने.

माझ्या हातात बारीक कात्री होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पापणीचे केस कापावे लागतात. ते डोळ्यात पडू नयेत म्हणून पात्यांना व्हॅसलिन लावायचं, केस त्यालाच चिकटतात. डाव्या पापणीचे निम्मे केस कापून झाले होते, निम्मे राहिले होते. कात्री तशीच हवेत धरून मी उभी. ठेवावी कुठे, तेही सुचेना.

जळगावातलं ते डोळ्यांचं खाजगी हॉस्पिटल, एका ट्रस्टचं. मला तिथे दोन वर्षं होत आली होती. आजी चोपड्याकडच्या, केळीच्या मोठ्या बागायतदारांच्या घरच्या. त्यांचा मुलगा ट्रस्टवर होता, ऑपरेशनचं नवं टेबल त्यानेच दिलेलं. बाकीच्या पेशंटना आदल्या दिवशी वॉर्डात येऊन झोपावं लागे, सगळी तपासणी तेव्हाच व्हायची. आजी मात्र सकाळी नऊला गाडीतून उतरल्या आणि अकराला त्यांचं ऑपरेशन ठरलेलं. मधल्या दोन तासांत सगळं उरकायचं होतं.

आधी सगळं गोडीत चाललं होतं. त्यांची सून जवळ बसली होती. "सिस्टर, तुमचा हात फार हलका आहे," असं म्हणाली. मला बरं वाटलं. मग आजींनी विचारलं, "कोनी पोर वं तू? गाव कोनतं तुनं?"

खानदेशात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. वाईट हेतूने विचारतं असंही नाही. पण दोन वर्षं मी या एका प्रश्नाला भिऊन दिवस काढले होते. माझं आडनाव असं, की चार जातींत सापडतं. लोक आपापल्या सोयीने अंदाज करायचे, मी तो खोडायचे नाही. गाव विचारलं की "साक्रीकडचं" म्हणायचे आणि लगेच सांगायचे, वर बघा, औषध टाकायचंय. वर बघणारा माणूस पुढचं विचारत नाही. नर्सिंग क्वार्टरमध्ये माझ्या पेटीत बुद्धाचा फोटो होता, तोही झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. पेटी उघडताना मी आधी दाराची कडी लावायचे. हे सांगायला आज लाज वाटते. पण होतं ते होतं.

त्या दिवशीही मी "साक्रीकडचं" म्हणाले. पण सुनेचं माहेर नेमकं तिकडचंच निघालं. तिने वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. खोटं नाव सांगायचं धाडस मला कधीच झालं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि सासूकडे वळून हळूच म्हणाली, "आमनाच गावनी शे. वस्तीवरनी."

एवढंच. वस्तीवरची म्हणजे गावाबाहेरची, हे आजींना फोडून सांगायची गरज नव्हती. माझा हात मग हलका राहिला नाही.

आमच्या इन-चार्ज सिस्टर पलीकडेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील. निदान म्हणतील, हॉस्पिटलात असं चालत नाही. त्या म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो. शोभा करेल."

मी बाजूला झाले. दाराशी जाऊन उभी राहिले. कानशिलं तापली होती, आणि खरं सांगते, राग नव्हता त्यात. भीती होती. आता सगळ्यांना कळणार. उद्या वॉर्डात कळेल, परवा मेसमध्ये. पाण्याच्या माठाजवळ मी गेले की कोण काय करील, हेच डोक्यात फिरत होतं.

शोभा माझ्याबरोबरचीच. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. केस तिने कसेबसे कापले. पुढचं काम सिरिंजिंगचं. ते तिला येत नव्हतं.

हे काम जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक भोक असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात. त्या भोकात बोथट सुई घालून मिठाचं पाणी सोडायचं आणि पेशंटला विचारायचं, घशात खारट लागलं का? लागलं तर वाट मोकळी. नाही लागलं आणि पाणी उलटं आलं तर वाट बंद. आणि उलट्या पाण्याबरोबर पू आला तर आत पिशवीत घाण साठलेली आहे. अशा डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही. केलं तर तो पू कापलेल्या डोळ्यात उतरतो. डोळा जातो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आदल्या वर्षी नरडाण्याचा एक म्हातारा आला होता. त्या दिवशी गर्दी होती, त्याचं सिरिंजिंग राहूनच गेलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी त्याची पट्टी सोडली आणि वास आला. आठ दिवस मी त्याच्या त्या डोळ्याचं ड्रेसिंग केलं. तो रोज विचारायचा, "पोरी, आज दिसी का?" मी रोज म्हणायचे, बघू बाबा. शेवटी डोळा काढावा लागला.

त्यानंतर डॉक्टरांनी नियम केला. सिरिंजिंग मी करायचं, कारण त्यांनी स्वतः शिकवलेली मी एकटीच होते. आणि फॉर्मवर त्या रकान्यात करणाऱ्याने सही करायची. त्या सहीशिवाय ते सुरीला हात लावत नसत. डोळ्यांच्या नर्सिंगच्या खास ट्रेनिंगला हॉस्पिटल एकीला मुंबईला पाठवणार होतं. डॉक्टर म्हणाले होते, तुझं नाव देतो. शिफारशीचा तो कागद इन-चार्ज सिस्टरच्या शेऱ्यासाठी त्यांच्याच टेबलावर पडून होता. वस्तीवरची पोरगी मुंबईला डोळ्यांचं शिकणार, या एका गोष्टीवर मी त्या काळात जगत होते. आईला पत्र लिहूनही कळवलं होतं.

शोभाने सुई घातली. आजी कळवळल्या. शोभाने थोडं पाणी सोडलं आणि विचारलं, खारट लागलं का? "लागनं, लागनं, पुरे कर आते," असं म्हणत आजींनी मान फिरवली. ते सुटका करून घेण्यासाठी होतं. मी चार पावलांवर दाराशी होते, पण माझी नजर त्या कोपऱ्यावरच होती. पाणी उलटं आलं होतं. आणि ते स्वच्छ नव्हतं, तांदळाच्या धुवणासारखं होतं. शोभाने ते कापसाने टिपून घेतलं आणि बोळा ट्रेमध्ये टाकला. तिला कळलं की नाही, मी आजही सांगू शकत नाही.

मी गप्प बसले. लिहून ठेवते, मी गप्प बसले. मला वाटलं, मला भास झाला असेल. मग वाटलं, भास नसला तरी मी कोण सांगणारी? सांगितलं तर म्हणतील, हात नको म्हटलं म्हणून ही डूख धरतेय.

साडेदहाला सिस्टरनी मला ड्यूटी रूममध्ये बोलावलं. टेबलावर आजींचा फॉर्म होता. त्यांनी पेन पुढे केलं.

"इथं सही कर."

"सिस्टर, मी नाही केलं ते."

"कोणी केलं ते कोण बघतंय? नाव तुझंच लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझा ट्रेनिंगचा कागद माझ्याच टेबलावर आहे. विसरू नकोस."

मी पेन घेतलं. हो, घेतलं. टेबलाला टेकून उभी होते. नोकरी गेली तर काय? गावी जाऊन आईच्या बरोबर शेतात निंदायला जायचं? आईने मला निंदणीतून बाहेर काढण्यासाठी काय काय केलं ते मलाच माहीत. मी रकान्यात माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. अर्धंच. उभी रेघ द्यायची राहिली होती.

आणि तिथे हात थांबला. शूरपणाने नाही. मला तो नरडाण्याचा म्हातारा दिसला, रोज तेच विचारणारा. या डोळ्यात पू झाला तर खाली नाव कुणाचं सापडेल? माझं. उद्या गाडीतून येऊन कोण म्हणेल, बघा, वस्तीवरच्या पोरीने डोळा घालवला? तेव्हा कुणी सांगणार नाही की तिला हातच लावू दिला नव्हता. मग एकदम सगळं लख्ख कळलं. यांना माझा हात विटाळाचा वाटतो, माझी सही नाही. काम करायच्या वेळी हात कुणाचा ते विचारायचं, आणि बिघडलं तर सही कुणाची ते दाखवायचं. माझ्या बापाच्या, आज्याच्या वाट्याला हेच आलं असणार. फक्त त्यांना लिहिता येत नव्हतं.

मी त्या अर्ध्या अक्षरावर आडवी रेघ मारली. पेन खाली ठेवलं.

"माझा हात नको म्हणालात. मग माझी सहीही नको."

आवाज इतका बारीक आला की सिस्टरना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड असतं. त्यांनी फॉर्म उचलला, माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मी मागोमाग गेले. जायलाच हवं होतं, कारण त्या शोभाला सही करायला लावतील हे मला दिसत होतं.

थिएटरच्या आत आजी टेबलावर पडलेल्या होत्या. डॉक्टर हातमोजे घालण्याआधी फॉर्म वाचायचे, नेहमीसारखे वाचायला लागले. रकान्यापाशी थांबले. खोडलेलं अक्षर बघून विचारलं, हे काय आहे? सिस्टर म्हणाल्या, राहिली असेल सही, ही करेल आत्ता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, सिरिंजिंग मी केलेलं नाही. मला करू दिलं नाही. पाणी उलटं आलं, ते मी बघितलंय."

शोभा खाली बघत होती. डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला, आजींच्या नाकाच्या कडेला अंगठा ठेवला आणि दाबला. डोळ्याच्या कोपऱ्यात पुवाचा पिवळा थेंब वर आला. सगळ्यांनी बघितला.

त्यांनी हात धुतले. बाहेर जाऊन मुलाला सांगितलं की आज नको, डोळ्याला जरा सूज आहे, आधी तिचा इलाज करू. सूज कुणाला दिसली, ते सांगितलं नाही. परत येताना मला म्हणाले, "बरोबर होतं तुझं. पण सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती."

आजींचा डोळा वाचला. त्या गाडीत बसून गेल्या. आमच्या गावात मात्र सुनेच्या माहेरच्या माणसांनी उलटंच सांगितलं, त्या पोरीचा हात लागला म्हणून ऑपरेशन मोडलं. हे मला माझ्या आईकडून कळलं. तिला बाजारात कुणीतरी ऐकवलं होतं. ती जळगावला आली, क्वार्टरमध्ये माझ्या खाटेवर बसली आणि एवढंच म्हणाली, "जे करं नही, त्यावर सही कशाले करवी?" मग पेटी उघडून फोटो सोडवला आणि पदराने पुसून भिंतीवर टेकवला. मी दाराची कडी लावायला उठले होते. तिने नुसतं बघितलं. मी परत बसले.

मुंबईच्या ट्रेनिंगला शोभा गेली. माझ्या कागदावर सिस्टरनी काय शेरा मारला, मला कधी दाखवला नाही. थिएटरमधून मला काढलं, पट्ट्या बदलायला बसवलं. माठाचं जसं वाटलं होतं तसंच झालं. माझ्यासाठी एक वेगळा पेला आला. मी तो पेला उचलला आणि सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला. पाणी माठावरच्या सगळ्यांच्या पेल्यानेच प्याले. पिताना गळ्याखाली थोडं सांडलं.

तीन वर्षांनी मी धुळ्याच्या हॉस्पिटलात गेले. ट्रेनिंगचा अर्ज या वेळी स्वतः लिहिला, कुणाच्या टेबलावरून जाऊ दिला नाही. आज नव्या पोरींना सिरिंजिंग मी शिकवते. सुई कशी धरायची ते नंतर. आधी सांगते, जे तुमच्या हाताने झालं नाही त्याखाली नाव घालायचं नाही, समोर कुणीही असो.

भीती गेली का? नाही गेली. अजूनही कुणी गाव विचारलं की आधी साक्रीकडचं हेच तोंडावर येतं. पण आता "वर बघा" म्हणत नाही. सरळ बघायला सांगते. गाव सांगते, वस्ती सांगते, बापाचं नाव सांगते, आणि सुई हातात घेऊन थांबते. हात हवा असेल तर पुढचं काम होतं. ज्याला माझा हात चालत नाही, त्याच्या कागदावर माझं अर्धं अक्षरसुद्धा पडणार नाही.