बिपनाच्या आजीचं सुतक

तुम्ही परक्या गावात एकटे आहात आणि सकाळी सकाळी घरून फोन येतो की आजी गेली. कुणाकडे जाल रडायला? लगेच उत्तर देऊ नका. ज्याच्याकडे जाल त्याच्या हातात तुम्ही काहीतरी देऊन येणार आहात, तेव्हा जरा विचार करा.

बिपना खतिवडा ओरिकासांच्या सलूनमध्ये गेली. माझ्याकडे आली नाही. त्याचं मला अजून लागतं, पण ते राहू दे. ओरिकासा तिचे बासरीचे सेन्सेई, म्हणजे गुरू. मी कोण? मासळीच्या कारखान्यातून भांडून बाहेर पडलेली आणि परदेशी पोरांच्या पगारासाठी मालकांच्या दारात आरडाओरडा करणारी बाई. माझ्याकडे लोक भांडायचं असलं की येतात.

बिपना नेपाळातल्या धनकुटाची. टोकियोपासून दूर, आमच्या या बंदरावर ती म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण घ्यायला आली. सकाळी कॉलेज, दुपारनंतर टेकडीवरच्या वृद्धाश्रमात काम. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, बोलायला फटकळ. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "काकू, तुमच्या गावात सगळ्याला मासळीचा वास येतो. दाराला, टॉवेलला, तुम्हालासुद्धा."

मी म्हटलं, "आणि तुझ्या जिऱ्याच्या फोडणीने शेजारची म्हातारी दिवसभर शिंकते, ते?"

तेव्हापासून आमचं जमलं.

शरदातल्या उत्सवात आमच्याकडे पुढे समुद्रदेवाची पालखी निघते आणि मागे आळीआळीचे रथ. रथावर ढोल, झांज आणि आडव्या बासऱ्या. आमच्या आळीची पोरं टोकियोला गेली ती गेलीच. बासरीला उरले एकटे ओरिकासा, आणि त्यांना आता चढणीवर दम लागतो. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, रेकॉर्ड केलेली बासरी लावू, स्पीकर चांगला आणू. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "देवही मग फोटोतलाच आणा! टेकडीवर एवढी शिकणारी पोरं आहेत, त्यांना विचारलंत कधी?" सगळे चहाच्या कपात बघायला लागले. ओरिकासा तेवढे म्हणाले, "कुणी येणार असेल तर मी शिकवतो." त्या दिवशी त्या माणसाबद्दल मला आदर वाटला. तोही इथे लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल हिला कुणाचं चांगलं दिसतच नाही.

आली ती एकटी बिपना.

ही बासरी कागदावरून शिकवत नाहीत. आधी नुसतं तोंडाने म्हणायचं, तोऽ हिया, हियारा, तोऽ हिया, असं महिनोन्महिने. ते अंगात भिनलं की मग बांबूला हात. बिपना व्हीलचेअर ढकलताना म्हणायची, आंघोळ घालताना म्हणायची. आश्रमात हिरानुमाबाई होत्या, समितीच्या अध्यक्षांची आई. पोटच्या मुलाला ओळखत नव्हत्या, पण बिपना चुकली की भाताचा घास बाजूला सारायच्या. "इथे श्वास घेऊ नकोस गं. रथ काय तुझ्यासाठी थांबतो?" बिपना मला येऊन सांगायची, "काकू, मला दोन सेन्सेई आहेत. एक कात्री चालवतात, दुसऱ्या मला चावतात."

उन्हाळा सरेपर्यंत तिची बासरी अशी वाजायला लागली की सलूनमध्ये बसलेली गिऱ्हाइकं अर्ध्या कापलेल्या केसांनी ऐकत राहायची. ओरिकासांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा रथावरची पुढची जागा बिपनाची." पुढची जागा म्हणजे पहिला सूर तिचा. तिने वाजवल्याशिवाय ढोलावर टिपरी पडायची नाही आणि रथाचं चाकही हलायचं नाही. तिने घरी फोन लावून आजीला ऐकवलं. आजीने विचारलं, "कुठल्या देवाचं गं?" ही म्हणाली, समुद्राच्या. आजी म्हणाली, "मी समुद्र पाहिला नाही. पण देव आहे ना, मग नीट वाजव."

उत्सवाला महिना असताना ती आजी गेली. तिकिटाला पैसे नव्हते, रजाही नव्हती. बिपना सलूनमध्ये जाऊन रडली. ओरिकासांनी दुकान उघडं असल्याचा दारावरचा फिरता दिवा बंद केला, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणाले, तिला चहा करून दिला. आणि म्हणाले, "ऐकतेय ती. आता तिच्यासाठी वाजव." बिपना खोलीवर आली. तेरा दिवस बिनमिठाचं जेवली, कामावर जात राहिली. कुणाला कळलं नाही. मलाही नाही. चेहरा उतरलाय म्हटल्यावर मला म्हणाली, "परीक्षा आहे, काकू."

उत्सव चार दिवसांवर आला आणि समितीचा एक माणूस तिच्या दारात उभा राहिला. तिच्या घरी दुःखद घटना घडल्याचं समितीला समजलं होतं. त्याने खूप वाकून सहानुभूती व्यक्त केली. तर या परिस्थितीत यंदा रथावर बसणं, म्हणजे, जरासं अवघडच... वाक्य त्याने तिथेच सोडलं. आमच्याकडे ती पद्धतच आहे. नाही हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, समोरच्याने तो हवेतून उचलून घ्यायचा.

ती माझ्याकडे आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

"आमच्यात तेराव्या दिवशी फिटतं, काकू."

"आमच्यात पन्नास दिवस. तेवढे दिवस देवळाच्या कमानीखालून जायचं नाही, पालखीला, रथाला शिवायचं नाही."

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "देव तुमचा, नियमही तुमचा. ठीक आहे."

"पण त्यांना कळलं कसं? कुणाला सांगितलं होतंस?"

"सेन्सेईंना."

"आणखी?"

"आणखी कुणालाच नाही." माझं तोंड बघून तीच घाईघाईने म्हणाली, "निघून गेलं असेल हो बोलता बोलता. सलूनच आहे ते."

मी तोंड आवळून धरलं. मला ते जमत नाही, पण धरलं.

उत्सवाच्या दिवशी आम्ही दोघी लाल कमानीच्या बाहेर उभ्या राहिलो. भाजलेल्या म्हाकुळ मासळीचा धूर, निळे अंगरखे, पोरांचा गलका. आमच्या आळीचा रथ कमानीपाशी आला. पुढच्या जागेवर एक पोरगी बसली होती, केस वर बांधलेले, बासरी आडवी धरलेली.

"ही कोण?" बिपनाने विचारलं.

"वाकाना. ओरिकासांची नात. टोकियोची नोकरी सोडून आलीय असं ऐकलं होतं." ती वाजवणार आहे हे मला माहीत नव्हतं. आईची शपथ, नव्हतं.

वाकानाने सूर लावला. छान लावला, खोटं कशाला सांगू? लहानपणी आजोबांनी शिकवलेलं असणार. वाईट वाजवली असती तर मला निदान हसता आलं असतं.

"छान वाजवते," बिपना म्हणाली. आणि तेवढ्यात तिने माझी बाही धरली. रथापुढे मानाचे कपडे घालून अध्यक्ष हिरानुमा चालत होते. कमानीखालून आत जात होते.

"काकू, त्यांच्या आईला जाऊन दोन आठवडे नाही झाले. मीच पुसलं ना त्यांचं अंग. त्यांना कसं चालतं?"

मला काय झालं सांगता येत नाही. मी गर्दीतून घुसले आणि रथ विसाव्याला थांबला तिथे हिरानुमांना गाठलं. "अध्यक्ष, तुमचं सुतक कुठे ठेवून आलात?"

आजूबाजूची माणसं दगड झाली. हिरानुमांनी मात्र सरळ उत्तर दिलं. "पुजाऱ्यांकडून शुद्धी करून घेतली. दोन मिनिटांचं काम. अडचण असली की सगळेच करतात."

"मग त्या पोरीला का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "सांगितलं होतं की! ओरिकासांनीच येऊन तिच्या आजीचं सांगितलं, तेव्हा मी स्वतः त्यांना म्हटलं, पोरीला सकाळी देवळात घेऊन या. ते म्हणाले, तिचीच इच्छा नाही. म्हणाले, आजी गेल्यापासून तिचं मन लागत नाही, समितीनेच जाऊन मोकळं करा तिला, म्हणजे तिला संकोच नको."

मी परत आले आणि बिपनाला एकेक शब्द सांगितला. सांगायला नको होतं असं मला नंतर पुष्कळांनी सुनावलं. मी सांगितला. ती रडली नाही. म्हाकुळाच्या गाडीकडे बघत उभी राहिली. गाडीवाल्याला वाटलं हिला हवंय, त्याने एक पुढे केलं, आणि हिने ते घेतलंसुद्धा. हातात धरून तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सलूनमध्ये चला. पण तोंड उघडायचं नाही."

ओरिकासा झाडत होते. आम्हाला बघून झाडू थांबला. बिपना उभ्याउभ्याच म्हणाली, "माझी इच्छा नाही, असं मी कधी म्हणाले, सेन्सेई?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मग तुटक तुटक बोलले. वाकाना वसंतापासून खोलीबाहेर येत नव्हती. जेवत नव्हती. आणि एक दिवस तिने आपण होऊन कपाटातली बासरी काढली, विचारलं, यंदा मी वाजवू का? "तिला नाही कसं म्हणणार होतो मी?"

"तिला नका म्हणू. मला म्हणायचं होतं." बिपनाचा आवाज चढला नाही. "मला सांगायचं, नातीला जागा हवी आहे, तू ऊठ. मी रडले असते, तुमच्यावर चिडले असते, पण उठले असते. जागा तुमच्या आळीची आहे. आजी माझी होती. तिला कशाला मध्ये घेतलंत? मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं."

ओरिकासा वाकले. इतके खाली वाकले की त्यांच्या टकलावर खिडकीतलं ऊन पडलं. आमच्याकडे असं कुणी वाकलं की समोरच्याने म्हणायचं असतं, असू द्या, असू द्या. मी वाट बघत होते. माझ्याही तोंडात ते शब्द आले होते, सवयच ती. बिपना काही बोलली नाही. दार ओढून बाहेर पडली. ते वाकलेलेच राहिले.

गावात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, म्हाताऱ्याने नातीसाठी केलं, तुम्ही काय केलं असतं? उरलेले म्हणाले, हे सगळं त्या आरडाओरडा करणाऱ्या बाईने वाढवलं. बिपनाबद्दल कुणी काहीच म्हणालं नाही.

तिचं शिक्षण संपलं, ती आश्रमातच नोकरीला लागली. म्हातारी माणसं तिच्यावर जीव टाकतात. व्हीलचेअर ढकलताना आता ती गप्प असते. उत्सवाच्या दिवशी सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच्या अंगावर घेते. वाकाना बरी झाली, सेंदाईला नोकरीला गेली, चांगलं झालं. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं.

आणि यंदा रथावरची पुढची जागा पुन्हा रिकामी झाली. समितीने मला गळ घातली, तू बोल तिच्याशी, तुझं ऐकेल. मी म्हटलं, ज्यांनी तोडलंय त्यांनी स्वतः जावं. तर ओरिकासा गेले. दम लागत असताना टेकडी चढून गेले. मी तिथेच होते, एका पोराच्या पगाराचं भांडण घेऊन. ते फाटकाशी उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "पुढची जागा तुझीच आहे. येशील का?"

"नाही," बिपना म्हणाली.

ओरिकासा पुढच्या शब्दांची वाट बघत थांबले. आमच्या भाषेत नाहीच्या मागे शेपटी असते, माफ करा, कामच फार आहे, पुढच्या वर्षी बघू. तसं काही आलं नाही. ती वाळत घातलेल्या चादरी उचलून आत गेली. त्यांनी टोपी घातली आणि उतार उतरायला लागले.

तुम्ही वाचताय, तुमच्याही आळीत ढोल असेल, झांज असेल, बाहेरून शिकायला आलेलं एखादं पोर असेल. एक दिवस त्याची जागा तुम्हाला आपल्या माणसाला द्यावीशी वाटेल. वाटू दे, माणूस आहात. फक्त त्या दिवशी देव, नियम, समिती यांतलं काही पुढे करू नका. त्या पोरासमोर जाऊन बसा आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हणा.