मशीनला पोट दिसत नाही

"मशीनला पोट दिसत नाही." रिपोर्टवर तांबड्या पेनानं 'गरोदर' लिहिताना काका हे हमखास पुटपुटायचे. छापील कागदावर असं पेन चालवलेलं मला मुळीच आवडायचं नाही.

पंचवटीतल्या आमच्या लॅबमध्ये ते टेक्निशियन, मी काउंटरवर. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, काम चोख आणि बाकीच्यांच्या डोक्याला ताप. पोटुशी बाई आली की रक्त घ्यायच्या आधी तिलाच नडगीवर अंगठा दाबायला लावायचे, सुजेनं खड्डा राहतो का बघायला. वर चौकशा, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. मी एकदा म्हटलंही, काका, डॉक्टरांना काहीतरी काम ठेवा. ते हसले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

एका दुपारी ते जेवायला गेले असताना पेठहून आलेल्या सात महिन्यांच्या गरोदर सुनेचा रिपोर्ट निघाला. युरिक ॲसिड पाच पॉइंट आठ. शेजारी छापलेलं, सहापर्यंत नॉर्मल. काकांची वाट पाहत बसल्या तर यांची एसटी चुकेल, म्हणून मी कागद सासूच्या हातात दिला. सगळं नॉर्मल आहे, डॉक्टरांना सवडीनं दाखवा, असंही वर सांगितलं.

काकांनी येऊन आकडा पाहिला. "अगं, ते सहा तुझ्यामाझ्यासाठी. गरोदर बाईचं याहून कमी असतं. तिचं प्रेशर कोणी बघितलंय का?"

ते स्कूटर काढून स्टँडवर गेले. गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरची बोलणी खात त्यांनी आत चढून कागदावर लिहिलं, 'गरोदर. आजच प्रेशर बघा.' मग दोघींना उतरवून थेट डॉक्टरांकडे नेलं. एकट्या युरिक ॲसिडवर काही ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण प्रेशर मोजल्यावर त्यांनी तिला घरी जाऊ दिलं नाही. लघवीतही प्रोटीन जात होतं. काही आठवड्यांनी सिझेरियन करून मुलगी झाली, एवढीशी. दोघी वाचल्या.

काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर एक तांबडं पेन ठेवलेलं दिसलं. मी ते खणात टाकलं. लाज वाटत होती.

मागच्या वर्षी काका गेले. आता रिपोर्ट मोबाइलवर जातात, पेनाचा प्रश्नच नाही.

परवा तीच बाई आली, पुन्हा दिवस गेलेले, बोट धरून लेक. तिला कागदच हवा होता. मी काढून दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"काकांनी यावर काय लिवलं नाय?"

मी सांगितलं. तिनं कागद काउंटरवर परत ठेवला.

मी खण उघडला. पेन वाळलं होतं, दोनदा झटकावं लागलं. आकडा पुन्हा नीट वाचला, 'गरोदर' लिहिलं आणि विचारलं, "डोकं दुखतं का गं?"

मग तिनं कागद घेतला.